गुडघ्याची गादी परत वाढवणारं औषध खरंच आलंय का?

मेघना७४
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, झेडपीच्या शाळेतून निवृत्त, कराडला एकटी राहते. गेल्या दोन वर्षांत उजव्या गुडघ्याने असं धरलंय की जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते आणि मगच पुढची पायरी. एक्सरेत झिजेचा ग्रेड ३ (चारपैकी) सांगितलाय, ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात ओळखीतल्या कुणीतरी तिला एका क्लिनिकमध्ये नेलं (नाव लिहीत नाही), तिथे सांगितलं की नवीन इंजेक्शन आलंय, गादी परत वाढते, तीन डोस, ४५ हजार. आईने पेन्शनमधून पैसे काढायची तयारी केली आणि मला फोनवर सांगितलं, तेही सहज बोलता बोलता.

माझा प्रश्न साधा आहे. झिजलेली कूर्चा परत वाढवणारं औषध जगात कुठे निघालंय का? निघालं नसेल तर का नाही? माणूस हृदय बदलतो, मग एवढ्याशा गादीचं काय अवघड आहे? जाणकारांनी सविस्तर लिहा, आईला वाचून दाखवणार आहे.

लातूरची_सून
सासूबाईंना असंच इंजेक्शन दिलं होतं. चार महिने बरं वाटलं, मग होतं तिथेच. पैसे देऊ नका ताई आधी.

हाडवैद्य_मिरज
मेघनाताई, मी ऑर्थो आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस. थेट उत्तर: नाही. तुमच्या आईंच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्याची झीज), कूर्चेची झीज थांबवतं किंवा ती परत वाढवतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने किंवा युरोपच्या ईएमएने मान्यता दिलेलं एकही औषध आज नाही. एकही. जे आहे ते दुखणं कमी करणारं. तुमच्या आईंना काय देणार होते ते नावासकट लिहून घ्या. बहुतेक वेळा ते हायलुरॉनिक ॲसिड (ज्याला लोक वंगणाचं इंजेक्शन म्हणतात), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट) किंवा स्टेम सेल यापैकी एक असतं. प्रत्येकाबद्दल पुरावा वेगळा आहे.

पीआरपीचं सांगतो कारण सध्या त्याचीच हवा आहे. ऑस्ट्रेलियात रिस्टोर नावाची ट्रायल झाली, २०२१ ला जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली. २८८ लोक, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. वर्षभराने दुखण्यात आणि एमआरआयवरच्या कूर्चेत म्हणण्यासारखा फरक नाही. माझे काही पेशंट पीआरपीने खूश आहेत, ते खोटं बोलत नाहीत, पण पाण्याचं इंजेक्शन घेतलेलेही जवळपास तेवढेच खूश होते.

नाना_गिरगाव
मी ७१, दोन्ही गुडघे. वंगणाचं इंजेक्शन दोनदा घेतलं. मला कुणीतरी सांगितलं ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. खरं आहे का हे?

हाडवैद्य_मिरज
नाना, काही ब्रँड खरंच कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, तुऱ्यात ते भरपूर असतं. बरेच नवे ब्रँड जिवाणूंकडून आंबवून करतात. पुढच्या वेळी खोका बघा, त्यावर लिहिलेलं असतं. अंड्याची किंवा पक्ष्यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगायचंच.

नाना_गिरगाव
दोन्ही वेळचा खोका बायकोने जपून ठेवलाय. बघतो. आरवलो नाही अजून एवढं नक्की.

आकडेमोड
मेघना, "एवढ्याशा गादीचं काय अवघड" यावर लिहितो, कारण मलाही आधी हेच वाटायचं. मी पुण्यात क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करतो.

कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. आत पेशी अगदी विरळ, आकारमानाच्या एक-दोन टक्के, बाकी सगळं कोलॅजनचं जाळं आणि त्यात धरून ठेवलेलं पाणी. हाताला खरचटलं तर रक्त येतं, खपली धरते, भरून निघतं. कूर्चेत रक्तच पोचत नाही, मग भरून काढणार कोण? डेन्मार्कच्या लोकांनी २०१६ मध्ये एक सुंदर अभ्यास छापला. १९५०-६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता, तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात बसला. गुडघ्यातल्या कूर्चेचा कार्बन तपासला तर दिसलं की तिथलं कोलॅजन वयात येईपर्यंत जे बनलं तेच शेवटपर्यंत राहतं, मोठेपणी नवं जवळजवळ बनतच नाही. आजारी गुडघ्यातही नाही. म्हणजे तुमच्या आईच्या गुडघ्यातलं कोलॅजन ती शाळेत शिकत होती तेव्हाचं आहे. शिकवत होती तेव्हाचं नाही, *शिकत* होती तेव्हाचं.

आता अशा गोष्टीला गोळी देऊन परत वाढायला लावायचं. कठीण का ते लक्षात येईल.

मेघना७४
आकडेमोड, हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "म्हणजे दोरीवरच्या उड्या मारायचे तेव्हाचाच गुडघा हा." धन्यवाद.

खडूस_पण_खरा
माझं मत वेगळं आहे. अवघड वगैरे ठीक आहे पण खरं कारण पैसा. गुडघा बदलण्याचा धंदा मोठा, पेनकिलरचा धंदा मोठा, मग गादी वाढवणारं औषध कोण काढेल? २०१७ ला सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० वर आला, त्याआधी तोच लाख-दीड लाखाला विकत होते. या लोकांकडून काय अपेक्षा करणार.

प्राची_बोस्टन
खडूसदादा, इम्प्लांटच्या किमतीबद्दल तुमचा राग योग्य आहे, पण औषध काढायची कुणाची इच्छाच नाही हे मला पटत नाही. मी इथे एका छोट्या बायोटेकमध्ये होते, आमचा सांध्याचाच प्रोजेक्ट होता आणि तो बंद पडला, म्हणून जरा मनापासून लिहिते. जगात ५९ कोटींहून जास्त लोकांना हा आजार आहे (२०२० चा अंदाज). ज्या कंपनीला हे औषध सापडेल तिला पुढच्या तीस वर्षांत दुसरं काही करावं लागणार नाही. पैसे ओतलेत लोकांनी, आणि बुडालेत.

कूर्चेतलं ॲग्रीकन नावाचं प्रथिन कापणारं एक एन्झाइम आहे, अडाम-टीएस-५. उंदरात ते बंद केलं तर सांधा वाचतो, वीस वर्षं सगळे याच्या मागे. गॅलापागोस आणि सर्व्हिए या कंपन्यांनी ते अडवणारी रोजची गोळी ९३२ लोकांना वर्षभर दिली. एमआरआयवर कूर्चेची जाडी मोजली. २०२० ला निकाल आला: गोळी आणि साखरेची गोळी, फरक नाही. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये कुणी जेवायला खाली गेलं नाही.

मग स्प्रिफर्मिन. जर्मनीच्या मर्कचं, वाढीच्या एका प्रथिनाची (एफजीएफ-१८) कॉपी, गुडघ्यात इंजेक्शन. ५४९ लोक, २०१९ ला निकाल. आणि मेघनाताई, याने कूर्चा *वाढली*. खरंच. सगळ्यात जास्त डोसला दोन वर्षांनी प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा) ०.०५ मिलिमीटर जाड. पण दुखणं? प्लासिबोएवढंच कमी झालं. जाडी वाढली आणि माणसाला काहीच फरक जाणवला नाही, मग मान्यता कशी मिळणार?

याच्या बरोबर उलट टॅनेझुमॅब. हे दुखण्याच्या नसांना चेतवणाऱ्या एनजीएफ प्रथिनाला पकडून ठेवतं. या प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी बाईंना १९८६ चं नोबेल मिळालं. दुखणं कमी व्हायचं, नक्की व्हायचं. पण काही लोकांचा सांधा झपाट्याने ढासळायला लागला, थोड्या महिन्यांत, आणि सोबत पेनकिलर घेणाऱ्यांत जास्त. २०१० ला ट्रायल थांबवल्या, मग पाच वर्षांनी परत सुरू केल्या. मार्च २०२१ ला एफडीएच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ मतांनी नको म्हटलं आणि ऑक्टोबरमध्ये फायझर आणि लिली दोघांनी ते सोडून दिलं.

म्हणजे एकाने कूर्चा वाढवली पण दुखणं तसंच, दुसऱ्याने दुखणं थांबवलं पण सांधा गेला. माझ्या मते या आजाराचं सगळं कोडं या दोन औषधांत आहे. नुसतं दुखणं बघून चालत नाही आणि नुसती गादी बघूनही नाही.

हाडवैद्य_मिरज
प्राची, उत्तम लिहिलंत. टॅनेझुमॅबबद्दल पुस्ती जोडतो. मिरजेत आम्ही कुष्ठरोगाचे आणि मधुमेहाचे असे पाय बघितलेत ज्यांची संवेदना गेलीय. माणूस मोडलेल्या पायावर चालत येतो, घोटा पार चुरा झालेला असतो आणि तो म्हणतो "जरा सूज आलीय". दुखणं ही सांध्याची राखणदार आहे. ती पूर्ण झोपवली की काय होतं ते तिथे दिसतं. टॅनेझुमॅबमध्येही नेमकं हेच झालं का, हा तर्क आहे, त्यावर अजून वाद आहेत.

एक्सरेबद्दलही. ग्रेड ४ असलेली बाई माझ्याकडे पंढरीची वारी करून येते आणि ग्रेड १ वाल्याला रात्री झोप नसते. एक्सरे बघून दुखणं सांगता येत नाही. म्हणून ग्रेड ३ या आकड्याची आईंना भीती घालू नका.

वैद्य_अनुजा
मला "झीज" या शब्दाबद्दलच बोलायचंय. आपण लोकांना सांगतो गादी झिजली, गॅप कमी झाली, वंगण संपलं. जणू सायकलचा बेअरिंग. मग माणूस चालणं बंद करतो, वाटतं जितकं वापरू तितकं झिजेल. सांधा म्हणजे नुसती कूर्चा नाही, आतलं आवरण सुजतं, खालचं हाड बदलतं, स्नायू बारीक होतात. आता आधुनिक शास्त्रही म्हणतं की हा पूर्ण सांध्याचा आजार आहे.

आणि औषधांच्या बाबतीत, आयुर्वेदावर पुण्यात झालेलं काम इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. केंद्र सरकारच्या सीएसआयआरच्या निमित्ली योजनेत डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि बऱ्याच लोकांनी मिळून सुंठ, गुळवेल, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांची ट्रायल केली. ४४० पेशंट, २४ आठवडे, डबल ब्लाइंड (कुणाला काय मिळालं ते पेशंटला नाही, डॉक्टरलाही नाही माहीत), आणि समोर साखरेची गोळी नाही तर ग्लुकोसामाइन (सांध्यासाठी विकतात ती पूरक गोळी) आणि सेलेकॉक्सिब (पेनकिलर). निकाल २०१३ मध्ये छापला: दुखणं आणि हालचाल यांत या अर्कांचा परिणाम त्या दोघांच्या तोडीस तोड. हे काम आपल्या पुण्यातून उभं राहिलं याचा मला फार अभिमान आहे.

आकडेमोड
वैद्यताई, तो पेपर मी वाचलाय, चांगलं काम आहे. पण दोन गोष्टी त्याच पेपरात आहेत त्याही लिहा. आयुर्वेदिक गटात काही लोकांचं एसजीपीटी (रक्तातली लिव्हरची तपासणी) वाढलं, सात जणांना औषध बंद करावं लागलं, मग ते नॉर्मलला आलं. आणि प्लासिबोचा गट नव्हता. ज्याची तुलना केली ते ग्लुकोसामाइन स्वतःच साखरेच्या गोळीपुढे टिकत नाही: २००६ ची अमेरिकेची गेट ट्रायल, १,५८३ लोक, आणि त्यात नुसत्या साखरेच्या गोळीने ६० टक्के लोकांना बरं वाटलं.

वैद्य_अनुजा
बरोबर आहे, एसजीपीटीचं मी लिहायला हवं होतं, माझी चूक. पेशंटला मी सांगतेच, "आयुर्वेदिक आहे म्हणजे काही होत नाही" असं समजून वर्षभर स्वतःच्या मनाने घेऊ नका, लिव्हरची तपासणी करा. प्लासिबोबद्दल मात्र माझं म्हणणं असं की ४४० लोकांना सहा महिने दुखत ठेवायचं, नुसती साखर द्यायची, याला पेशंट तयार होत नाहीत आणि व्हावेत का हाही प्रश्न आहे.

समन्वयक_शुभांगी
प्लासिबोचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. मी सहा वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर होते, त्यात दोन वर्षं गुडघ्याची ट्रायल. औषधाचं आणि हॉस्पिटलचं नाव देत नाही.

दुखणं मोजायची पद्धत सांगते. कागदावर १०० मिलिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला "अजिबात दुखत नाही", उजव्या टोकाला "सहन होणार नाही इतकं". पेशंटने फुली मारायची, मी पट्टीने मोजायचं. जुन्नरकडच्या एक आजी होत्या, नऊवारी, हाताला शेतातल्या चिरा. त्यांनी पेन घेतलं, रेघेकडे बघितलं आणि फुली रेघेच्या बाहेर, कागदाच्या अगदी कडेला मारली. म्हणाल्या, "एवढ्यात मावत नाही बाई." मी परत करायला सांगितलं, कारण १०० च्या पुढचा आकडा फॉर्म घेतच नाही. त्यांनी परत केली, ९८ वर.

त्यानंतर दर महिन्याला त्या यायच्या. गाडीभाडं ट्रायलमधून. डॉक्टर अर्धा तास तपासायचे, एवढा वेळ त्यांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी फोन करून विचारायचे, कसं आहे आजी, चालता का. सहाव्या महिन्यात फुली ३० वर. आजी खूश, आम्ही खूश. ट्रायल संपून यादी उघडल्यावर कळलं त्यांना मिठाचं पाणी मिळालं होतं. त्यांनी नंतर दोनदा निरोप धाडला की तेच इंजेक्शन परत मिळेल का.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं दुखणं खरंच कमी झालं होतं. आणि म्हणूनच नव्या औषधाला या आजारात जिंकणं इतकं कठीण आहे, कारण समोरचा गट रिकामा नसतो, त्याला माणसाचं लक्ष मिळालेलं असतं. मला आजही वाटतं, त्या सहा महिन्यांत जे आजींना मिळालं ते ट्रायलशिवाय का मिळू नये.

लातूरची_सून
शुभांगीताई, डोळ्यात पाणी आलं.

बांधावरची_रेखा
मी वर्ध्याची, बचत गटात काम करते. आमच्याकडे बाया कापसात दिवसभर उकिडव्या बसून निंदण करतात, त्यांचे गुडघे पंचेचाळिशीतच जातात. शुभांगीताई, ते फॉर्ममध्ये उकिडवं बसण्याबद्दल विचारतात का? आमच्याकडे दुखणं तिथे असतं, जिना तर गावात दोघांच्याच घरी आहे.

समन्वयक_शुभांगी
अगदी बरोबर जागेवर बोट ठेवलंत. जगभर वापरतात तो वोमॅक नावाचा फॉर्म, २४ प्रश्न: ५ दुखण्याचे, २ आखडण्याचे, १७ कामाचे. मूळचा कॅनडातला. त्यात मोजे घालणं, बाथटबमध्ये उतरणं, कारमध्ये चढणं. आमच्या आजींना मोजे विचारले की त्या हसायच्या. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने आपल्या लोकांसाठी त्याची वेगळी आवृत्ती केली, आपल्या बसण्या-उठण्याच्या पद्धतीला धरून. याच डॉ. चोप्रांच्या टीमने १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे सुरू केला होता. पण परदेशी कंपनीची ट्रायल आली की फॉर्म बहुतेक तिकडचाच येतो.

रानवाटा_म्हसळा
विषयाला फाटा फोडतोय, पण पेनकिलरचा विषय आहे म्हणून. आमच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांच्या संवर्धनाचं काम चालतं. गिधाडं का संपली माहितीये ना? सांध्यासाठी माणसं घेतात तेच डायक्लोफिनॅक जनावरांना टोचायचे, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की मूत्रपिंड निकामी. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, पण माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ ला माणसांसाठीची कुपी ३ मिलीपर्यंतच ठेवली. गिधाडांना सुरक्षित म्हणून मेलॉक्सिकॅम सुचवलं गेलं. एका औषधाने आकाश रिकामं केलं हो.

हाडवैद्य_मिरज
फाटा नाही, मुद्द्यालाच धरून आहे. गिधाडांचं मूत्रपिंड गेलं, माणसाचंही जातं, फक्त हळू. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटच्या पिशवीत मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलरच्या पट्ट्या असतात. आणि २००४ ला रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घ्यावं लागलं ते हार्ट ॲटॅकमुळे, तेही सांधेदुखीचंच औषध होतं. वर्षानुवर्षं, म्हाताऱ्या माणसांना, बीपी-शुगर असताना द्यायचं म्हणून या आजाराच्या औषधाला सुरक्षिततेची अट फार कडक असते, असायलाच हवी. कॅन्सरच्या औषधाला जे माफ ते गुडघ्याच्या औषधाला माफ नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचंही सांगतो: २०१७ च्या अभ्यासात १४० लोकांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एकतर स्टिरॉइड नाहीतर सलाईन दिलं. दुखण्यात फरक नाही आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त गेली. एखाद्या वेळी सूज फार असेल तर मी देतो, पण दर तीन महिन्यांनी मागू नका.

खडूस_पण_खरा
आणि स्टेम सेल? कोरियात काय झालं ते सांगा लोकांना.

प्राची_बोस्टन
इन्व्होसा. २०१७ ला कोरियाने मान्यता दिली, जीन थेरपी, कूर्चेच्या पेशी म्हणून गुडघ्यात टोचत होते. २०१९ ला कळलं की त्यातल्या जनुक बदललेल्या पेशी कूर्चेच्या नाहीतच, मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशी आहेत. तीन हजारांहून जास्त लोकांना टोचून झालं होतं. परवाना रद्द झाला. खडूसदादा, इथे तुमच्या रागाशी मी शंभर टक्के सहमत.

पण भारतातलं स्टेम सेल वेगळं. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या उत्पादनाला २०२२ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी गुडघ्यासाठी परवानगी दिली, फेज ३ मध्ये (मान्यतेआधीचा मोठा टप्पा) १४६ पेशंट होते, प्लासिबोपेक्षा दुखणं कमी झालं. ती ट्रायल रीतसर झालीय. दुसरीकडे अमेरिकेत ४७५ लोकांवर तीन प्रकारच्या पेशी आणि स्टिरॉइड यांची तुलना झाली (२०२३), वर्षभराने पेशी सरस ठरल्या नाहीत. "परवानगी मिळालेलं" आणि "क्लिनिकमध्ये कुठलंतरी काढून कुठेतरी टोचलेलं" हे दोन्ही स्टेम सेल म्हणूनच विकलं जातं, हा माझा खरा राग आहे.

मेघना७४
सगळ्यांचं वाचतेय. मग चांगलं काहीच नाही का येणार? आईला काय सांगू?

आकडेमोड
येतंय. पण ज्या दिशेने वाटलं होतं तिथून नाही.

वजन जास्त असलेल्यांत सेमाग्लुटाइड (वजन कमी करणारं इंजेक्शन): २०२४ चा निकाल, ४०७ लोक, ६८ आठवडे. दुखण्याचा स्कोअर औषधाने जवळपास ४२ ने उतरला, प्लासिबोने २७ ने. या आजारात एवढा फरक मी तरी गोळी-इंजेक्शनच्या आकड्यांत फारसा बघितला नाही. मेटफॉर्मिन, आपली साधी शुगरची गोळी: ऑस्ट्रेलियात २०२५ ला १०७ लोकांवर, वजन जास्त असलेल्यांवरच, सहा महिन्यांत दुखणं कमी. छोटी ट्रायल आहे, मोठी व्हायला हवी, आणि गोळी इतकी स्वस्त की कुठल्याही कंपनीला त्यात रस नसणार, तिथे सरकारनेच उतरायला पाहिजे. मेथोट्रेक्सेट हातांच्या सुजलेल्या सांध्यांवर चाललं (२०२३).

टॅनेझुमॅबच्याच रस्त्यावर ब्रिटनच्या लेव्हिसेप्टचं लेव्ही-०४ आहे, ते मुख्यतः एनजीएफच्या भावंडाला, एनटी-३ ला धरतं. ५१८ लोकांच्या फेज २ मध्ये दुखणं कमी झालं आणि सांधे ढासळलेले दिसले नाहीत. आता मोठ्या ट्रायलची वाट बघायची.

खडूस_पण_खरा
आणि आई सडपातळ असतील तर? माझी आई ४६ किलोची आणि दोन्ही गुडघे गेलेले.

प्राची_बोस्टन
हाच तर मुद्दा. हा एक आजार नाहीये, चार-पाच आजारांना आपण एकच नाव दिलंय. वजनामुळे झालेला, जुन्या दुखापतीमुळे झालेला, सूज जास्त असलेला, हाडापासून सुरू झालेला. आमचा प्रोजेक्ट का बंद पडला तर आम्ही सगळ्यांना एकाच पिशवीत घातलं. औषध पाचातल्या एकाला लागू पडत असेल तर पिशवीत ते दिसतच नाही. मला परत संधी मिळाली तर मी २०० माणसं घेईन पण नीट निवडून, सुजेचा पुरावा रक्तात आणि एमआरआयवर बघून. अमेरिकेत २०२३ पासून सरकारी पैशातून एआरपीए-एच या आरोग्य संशोधन संस्थेचा नायट्रो कार्यक्रम चालू आहे, हाड आणि कूर्चा दोन्ही परत वाढवायचं ध्येय. माझ्या दोन जुन्या सहकारी तिथल्या एका गटात आहेत. मी अजून आशा सोडलेली नाही.

नाना_गिरगाव
खोका बघितला. एक ब्रँड तुऱ्याचा, एक जिवाणूंचा. बायको म्हणाली आता झालं ते झालं, पण पुढे मला न विचारता टोचून घ्यायचं नाही. मेघना बेटा, मला सगळ्यात जास्त कशाने फरक पडला सांगू? टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, पाय सरळ ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. पहिले तीन आठवडे शिव्या दिल्या. आता चौपाटीपर्यंत जाऊन येतो.

हाडवैद्य_मिरज
नानांचं हे मी प्रिस्क्रिप्शनवर लिहितो रोज. मांडीचा पुढचा स्नायू. आणि वजन असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो.

मेघना७४
अपडेट देते. क्लिनिकला फोन केला, नाव विचारलं, पीआरपीच निघालं. मी म्हटलं कूर्चा वाढल्याचा अभ्यास दाखवा, तर म्हणाले मॅडम रिझल्ट आमच्याकडे बघा, व्हिडिओ पाठवतो. आईने नको कळवलंय. पैसे वाचले आणि तिने त्यातून देवघर खाली पाटावरून उचलून टेबलावर घेतलं, स्वतः सुताराला बोलावून. म्हणाली देवाला चालेल.

टॉवेल चालू आहे. मोजायला तिने वर्गातली सवय लावलीय, मोठ्याने पाढे म्हणते, बाराचा पाढा झाला की एक पाय झाला.

आता माझा नवा प्रश्न. शुभांगीताईंचं वाचून ती म्हणतेय मला खऱ्या ट्रायलमध्ये जायचंय. मिठाचं पाणी मिळालं तरी चालेल म्हणते. मी सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर शोधलं, आमच्यापासून दोन तासांवरच्या एका हॉस्पिटलची नोंद दिसते, वय ४० ते ७५, ग्रेड २-३. फोन करू का?

समन्वयक_शुभांगी
करा. आईंना सांगा जाताना घरात आहेत त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जायच्या, तेल-काढा-लेपसुद्धा, लपवायचं काही नाही. ट्रायलच्या आधी काही दिवस पेनकिलर बंद ठेवायला सांगतात, ते दिवस अवघड जातात, तेव्हा तुम्ही तिकडे असलात तर बरं. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, दोन दिवस ठेवा, रात्री शांतपणे वाचा. काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते त्यात लिहिलेलं असतं, २०१९ च्या नियमांप्रमाणे ते असायलाच लागतं. आणि मधेच सोडायचं ठरवलं तर कारण द्यावं लागत नाही.

फॉर्मवर ती रेघ येईल. आईंना सांगा, मावत नसेल तर कोऑर्डिनेटरला तसं तोंडाने सांगायचं.

मेघना७४
सोमवारी दहाची वेळ मिळालीय. पट्ट्या गोळा केल्या, नऊ निघाल्या. त्यातल्या दोन कशाच्या ते तिलाही आठवत नाही.

हाडवैद्य_मिरज
त्या दोन्हींचे फोटो मला मेसेज करा आजच.